जॅक्सन हाइट्समधला नवा केलेला वन-बेडरूम को-ऑप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सला आम्ही वन-बेडरूम को-ऑप घेतला तेव्हापासून ओळखीच्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे फोन येतात. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी वकील नाही, ब्रोकरही नाही. एकदा घर घेताना आणि एकदा बाथरूमची भिंत फोडताना जे कळलं ते सांगतोय, आणि खरं सांगायचं तर भिंत फोडताना जास्त कळलं.

को-ऑप म्हणजे आपल्याकडची सोसायटीच ना?

वरवर पाहता हो. समिती, वार्षिक सभा, जिन्याजवळची नोटीस, मेंटेनन्स थकवणारा एक तरी शेजारी, हे सगळं ओळखीचं आहे. फरक मुळात आहे. डोंबिवलीला आईच्या लॉकरमध्ये सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे, पन्नास रुपयांच्या पाच शेअरांचं. ते वर्षानुवर्षं कुणी उघडून पाहत नाही, कारण घराचा खरा कागद म्हणजे नोंदणी केलेला करारनामा. इथल्या को-ऑपमध्ये मात्र शेअर हेच घर. अख्खी इमारत एका कॉर्पोरेशनच्या मालकीची असते. तुम्ही तिचे शेअर घेता आणि त्यासोबत तुमच्या फ्लॅटचं प्रोप्रायटरी लीज मिळतं. म्हणजे कागदोपत्री तुम्ही स्वतःच्याच कंपनीचे भाडेकरू. फ्लॅट केवढा, कितव्या मजल्यावर, यावरून शेअरांची संख्या इमारत को-ऑप झाली तेव्हाच ठरलेली असते. मेंटेनन्स, सभेतलं मत, अचानक आलेली वर्गणी, सगळं त्याच आकड्याने गुणलं जातं.

दुसरा फरक जास्त बोचतो. महाराष्ट्रात सोसायटीला सदस्यत्व नाकारायचं तर कारण द्यावं लागतं, आणि अर्जावर तीन महिन्यांत निर्णयच दिला नाही तर अर्जदार सदस्य झाला असं कायदा मानतो. न्यूयॉर्कमध्ये बोर्ड, म्हणजे को-ऑपची समिती, 'नाही' एवढंच म्हणू शकतं. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व यांवरून नाकारणं बेकायदा आहेच, पण कारणच सांगायचं नसेल तर सिद्ध काय करणार?

जॅक्सन हाइट्सच का घेतलं?

मुख्य कारण किंमत आणि गाडी. ७४व्या रस्त्याच्या स्टेशनवर सात नंबरसोबत ई, एफ, एम आणि आर या गाड्या मिळतात, ई पकडली तर विसेक मिनिटांत मॅनहॅटन. पण घर बघायला गेलो आणि इमारतीमागचं दार उघडलं तेव्हा निर्णय झाला. इथल्या जुन्या इमारती रस्त्याच्या कडेने उभ्या आहेत आणि मधोमध, बाहेरून अजिबात न दिसणारी, ब्लॉकभर लांबीची बाग.

हे सगळं एका बिल्डरचं डोकं. एडवर्ड मॅक्डूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने १९०९ पासून इथली शेतं विकत घ्यायला सुरुवात केली. १९१७ मध्ये उन्नत रेल्वे आली आणि १९२०च्या दशकात बागेभोवतीचे हे फ्लॅट को-ऑप म्हणून विकले गेले. त्याच कंपनीने ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना घरं नाकारली होती. आज त्याच गल्ल्यांत बंगाली, तिबेटी, नेपाळी, कोलंबियन, मेक्सिकन, पंजाबी, गुजराती असे सगळे एका फुटपाथवर धक्के खात चालतात. मराठी पाट्या म्हणाल तर नाहीत. कढीपत्ता मुबलक, ज्वारीचं पीठ मिळतं, गोडा मसाला आईच पाठवते. आणि हो, ३५व्या अव्हेन्यूच्या पाटीवर प्रत्येक अक्षराखाली बारीक आकडे आहेत. अक्षरांना गुण असलेला शब्दांचा खेळ, स्क्रॅबल, शोधणारे आल्फ्रेड बट्स इथलेच, त्यांच्या मानासाठी ती पाटी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

'नुकतंच रिनोव्हेट केलेलं' म्हणजे नेमकं काय केलेलं असतं?

जाहिरातीत हा शब्द असला की तीन गोष्टी नक्की असतात: पांढरी कॅबिनेटं, क्वार्ट्झचा ओटा आणि राखाडी फरशी. आत काय आहे ते फोटोत येत नाही, आणि इमारत शंभर वर्षांची असेल तर सगळा खेळ आतलाच.

आमचीच गोष्ट. बाथरूम पाहून आम्ही हुरळलो होतो. छतापर्यंत टाइल, काचेचं दार, चकचकीत शॉवर. राहायला येऊन दोन महिने झाले असतील, खालच्या मजल्यावरच्या आजी हातात टॉर्च घेऊन दारात. त्यांच्या छतावर बशीएवढा पिवळा डाग. सुपर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा माणूस, आला आणि शॉवरच्या मागच्या भिंतीवर टकटक करत राहिला. मग त्याने विचारलं, "पॅनल कुठेय?" पॅनल नव्हतं. आधीच्या मालकाच्या कंत्राटदाराने पाइपांपर्यंत पोहोचायचं झाकणच ठेवलं नव्हतं, सगळीकडे सलग टाइल. शेवटी छिन्नी-हातोडा. अकरा टाइल फुटल्यावर दिसलं ते असं: नवाकोरा क्रोमचा व्हॉल्व्ह, आणि तो बसवलाय जुन्याच गंजक्या लोखंडी पाइपाच्या तुकड्यावर. जोडावर बोट ठेवलं तर तांबडा चिखल हाताला लागला. ती टाइल आता कुठल्याच दुकानात मिळत नाही, त्यामुळे आमच्या शॉवरमध्ये अकरा टाइल वेगळ्या पांढऱ्या आहेत. पाहुण्यांना दिसत नाहीत, मला रोज दिसतात.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा आधी सिंकखालचं कपाट उघडा. पाइप तांब्याचे आहेत की मध्येच लोखंड डोकावतंय, बंद करायचे कॉक नवे आहेत का, ते बघा. शॉवर आणि बेसिन एकदम सोडून पाण्याचा जोर बघा. विजेची पेटी उघडायला सांगा आणि किती अँपिअर ते वाचा. इंडक्शनची शेगडी घ्यायचं मनात असेल तर तिला २४० व्होल्टची वेगळी लाइन लागते, आणि जुन्या इमारतीत फ्लॅटला तेवढी वीज मिळेलच असं नाही. भिंतीवर बोटाने वाजवून बघा. जुन्या प्लास्टरचा आवाज दगडासारखा येतो, नव्या ड्रायवॉलचा, म्हणजे जिप्समच्या पाट्यांचा, पोकळ. जिथे मध्येच आवाज बदलतो तिथे काय उघडलं होतं आणि का, हे विचारा.

मग कागद कोणते मागायचे?

पहिला, ऑल्टरेशन ॲग्रीमेंट. को-ऑपमध्ये ओटा जरी हलवायचा तरी बोर्डाशी लेखी करार करावा लागतो: काम काय, कंत्राटदार कोण, त्याचा विमा किती, काम किती दिवसांत संपेल. विकणाऱ्याकडे तो नसेल तर एकतर काम फक्त रंगरंगोटीचं आहे किंवा चोरून केलेलं आहे. बहुतेक ठिकाणी आधीच्या मालकाने केलेल्या बदलांची जबाबदारी फ्लॅटबरोबर नव्या मालकाकडे येते. भिंतीतल्या मूळ पाइपांची काळजी इमारत घेते, पण आधीच्या मालकाने बदललेला व्हॉल्व्ह तुमचा. हे वाक्य मला अकरा टाइल फुटल्यावर मॅनेजिंग एजंटने, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या माणसाने, शांतपणे वाचून दाखवलं.

दुसरा, शहराच्या बिल्डिंग विभागाचं परमिट, आणि ते बंद झाल्याची नोंद. कॅबिनेटं बदलायला, रंग द्यायला परमिट लागत नाही. पाइप हलवले, गॅसची लाइन छेडली, भिंत पाडली, तर लागतं. पत्ता टाकला की विभागाच्या वेबसाइटवर इमारतीची सगळी कुंडली दिसते, फुकट. उघडं राहिलेलं परमिट दिसलं तर ते विकणाऱ्याकडून बंद करून घ्या, क्लोजिंगच्या, म्हणजे अंतिम व्यवहाराच्या, आधी. जॅक्सन हाइट्सचा बराच भाग १९९३ पासून ऐतिहासिक जिल्हा, म्हणजे वारसा म्हणून जपलेला भाग आहे, त्यामुळे परमिट लागणारं काम घराच्या आतलं असलं तरी जुन्या वास्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या लँडमार्क्स आयोगाचाही कागद लागतो.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा, बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं. ती तुमचा वकील जाऊन वाचतो. दोन-तीन वर्षांची वाचायला सांगा. छत गळतं, बॉयलर खोकतोय, चौथ्या मजल्यावर ढेकूण झाले होते, कुणी इमारतीवर दावा ठोकलाय, हे सगळं ब्रोकर सांगणार नाही. इतिवृत्तात असतं.

बोर्डाला न सांगता थोडंसं काम केलं तर काय बिघडतं?

मॅनहॅटनमधल्या वन फिफ्थ अव्हेन्यू या इमारतीचा खटला इथले सगळे वकील सांगतात. एका शेअरहोल्डरने स्वयंपाकघराचं काम काढलं आणि वाफेचा उभा पाइप जागेवरून हलवला. बोर्डाने काम थांबवलं. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९० मध्ये निकाल बोर्डाच्या बाजूने लागला: बोर्ड आपल्या अधिकारात राहून, प्रामाणिकपणे, इमारतीच्या हितासाठी निर्णय घेत असेल तर कोर्ट त्यात आपलं डोकं घालणार नाही. एका पाइपाचं भांडण, पण आजही बोर्ड त्याच निकालाच्या भरवशावर छाती काढून चालतं. तेव्हा 'थोडंसं' करू नका. गॅसच्या बाबतीत तर नकोच. कुणा एकाच्या घरी गळती सापडली की गॅस कंपनी अख्ख्या इमारतीचा पुरवठा तोडते, तपासण्या होऊन तो परत यायला महिने लागतात आणि तेवढे दिवस साठ घरं तुमचं नाव घेत हॉटप्लेटवर भात शिजवतात.

स्वयंपाकघर आपल्याला चालेल का? फोडणीचा वास जातो का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि नेहमी दबक्या आवाजात. नव्या केलेल्या स्वयंपाकघरात शेगडीवर मस्त स्टीलचा हूड असतो. तो नव्वद टक्के वेळा हवा बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून तुमच्याच तोंडावर परत सोडतो. तपासायची रीत सोपी: हूड चालू करा आणि त्याच्या वरच्या फटींपाशी हात धरा. वारा लागला की समजा, मोहरी तडतडली की बेडरूममधल्या उशीला वास.

जुन्या इमारतींची खरी श्रीमंती म्हणजे स्वयंपाकघराला खिडकी असते. रिनोव्हेशन करताना काही जण तिच्यासमोर फ्रिज उभा करतात किंवा ती कॅबिनेटाने अर्धी झाकतात. असं घर मी घेणार नाही. आमच्याकडे खिडकीत बाहेर वारा फेकणारा साधा पंखा आहे, चाळीस डॉलरचा, आणि मिरचीचा ठेचा त्याच्या जिवावर होतो. भिंत पाडून 'ओपन किचन' केलेलं असेल तर फोटोत छान दिसतं, पण सुकं बोंबील भाजून बघा म्हणजे कळेल. ज्यांच्या घरी बोंबील चालत नाहीत त्यांनी कांदा-लसूण मसाला.

भारतातून मिक्सर आणू नका. इथली वीज १२० व्होल्टची आहे, ट्रान्सफॉर्मर लावून वाटण करण्यात काही अर्थ नाही.

बाथरूम मोठं करता येईल? दुसरं काढता येईल?

जवळजवळ कधीच नाही. बोर्डांचा एक ठाम नियम असतो: खालच्या घराच्या कोरड्या खोलीवर, म्हणजे हॉल किंवा बेडरूमवर, तुमची ओली जागा येता कामा नये. सगळे मजले एकासारखे एक असल्यामुळे बाथरूम आहे तिथे, आहे तेवढंच राहतं.

वाढवायला जागा एकच, फॉयर. १९२०-३०च्या वन-बेडरूममध्ये दारातून आत आलं की चौकोनी खोलीएवढी मोकळी जागा असते. आमच्याकडे तिथे जेवणाचं टेबल आहे. शेजाऱ्यांनी मुलीचा पलंग आणि पडदा केला. कायद्याने ती बेडरूम नाही, खिडकी नाही ना. पण मुलगी आता बारावीला आहे आणि पडदा अजून तोच आहे.

घरात वॉशिंग मशीन?

नाही. तळघरात सामाईक आहेत. जाहिरातीत 'वॉशर-ड्रायरची सोय' दिसली तर बोर्डाची लेखी परवानगी दाखवा म्हणावं.

मेंटेनन्स महिन्याला नऊशे-हजार डॉलर? लुटतात की काय!

आपल्याकडच्या मेंटेनन्सशी तुलना केली की छाती दडपते. पण इथल्या आकड्यात मालमत्ता कर, हीटिंग, गरम पाणी, सुपरचा पगार, विमा, आणि बहुतेक ठिकाणी इमारतीच्या स्वतःच्या कर्जाचा हप्ता एवढं सगळं येतं. होय, इमारतीला स्वतःचं कर्ज असतं, तुमच्या गृहकर्जाशिवाय वेगळं. ते किती आहे, व्याज किती, कधी नव्याने घ्यावं लागणार, हे विचाराच. शेजारच्या ब्लॉकमध्ये फ्लॅट स्वस्त दिसतो त्याचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं.

दिलासा एवढाच की मेंटेनन्समधला मालमत्ता कराचा आणि इमारतीच्या कर्जावरच्या व्याजाचा तुमच्या वाट्याचा भाग आयकरात वजावटीसाठी धरता येतो. दर वर्षी इमारतीकडून शेअरमागे आकडा देणारं पत्र येतं. शिवाय तुम्ही स्वतः तिथे राहत असाल तर शहर मालमत्ता करात १७.५ ते २८.१ टक्के सूट देतं. ती आपोआप मिळते असं समजू नका. बऱ्याच इमारती ती रक्कम तुमच्या हातात न देता त्याच आकड्याची असेसमेंट, म्हणजे सगळ्यांनी शेअरांप्रमाणे काढायची जादा वर्गणी, लावून गंगाजळीत ओढून घेतात.

मग कमी मेंटेनन्सचं घर बघू?

कमी मेंटेनन्स म्हणजे एकतर इमारत नीट चालवलेली आहे, किंवा वर्षानुवर्षं कुणी वाढवायची हिंमत केलेली नाही. दुसऱ्या प्रकारात एक दिवस असेसमेंट येते, आणि ती हजारांत असते.

शहराचे कायदेही खर्च लावतात. सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतींना ठरावीक वर्षांनी दर्शनी भिंतींची तपासणी सक्तीची आहे. न्यूयॉर्कभर ज्या हिरव्या मांडवाखालून लोक चालतात ते पुष्कळदा याचेच. आमची इमारत सहाच मजली, त्यामुळे वाचलो. पण २०२४ पासून रस्त्याकडच्या गच्चीच्या कठड्याची तपासणी दर वर्षी लहान इमारतींनाही करावी लागते, आणि गॅसच्या पाइपांची दर चार वर्षांनी. २५,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना २०१९ चा कार्बन उत्सर्जनाचा कायदा लागू आहे. त्याची मर्यादा २०२४ पासून सुरू झाली, २०३० मध्ये ती आणखी आवळते, आणि वरच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड आहे. तेलावर चालणारा जुना बॉयलर असलेल्या इमारतीत बोर्डाने याचा काय विचार केलाय ते विचारा. 'बघू' असं उत्तर आलं तर तो खर्च तुमच्या वाट्याला येणार असं धरून भाव करा.

सुरुवातीला हातात किती पैसे हवेत?

बहुतेक बोर्ड किमान २० टक्के रक्कम रोख मागतात, काही २५ किंवा ३० टक्के. त्यावर, सगळे पैसे भरून झाल्यावरही एक ते दोन वर्षांचा हप्ता आणि मेंटेनन्स भागेल एवढी शिल्लक खात्यात दिसायला हवी. इथेच आपली माणसं अडकतात: पगार उत्तम, पण होतं नव्हतं ते डाउन पेमेंटला घातलेलं. हप्ता आणि मेंटेनन्स मिळून महिन्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या आत असावेत अशी अपेक्षा असते.

फायद्याची बाजू: काँडो (ज्यात फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा असतो) किंवा स्वतंत्र घर घेताना कर्जावर जो मॉर्गेज रेकॉर्डिंग कर भरावा लागतो, कर्जाच्या १.८ टक्क्यांपासून पुढे, तो को-ऑपला नाही, कारण कायद्याने तुम्ही जमीनजुमला नव्हे, शेअर घेताय. टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीहक्काचा विमा, तोही लागत नाही. करार करताना १० टक्के रक्कम विकणाऱ्याच्या वकिलाकडे ठेवावी लागते. बोर्डाने नाकारलं तर ती परत मिळते. कर्ज नामंजूर झालं तरी मिळावी, असं कलम करारात घालून घ्या.

आईबाबा भारतातून मदत करू शकतात का?

करू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकते. सध्या वर्षात १० लाख रुपयांवर गेलेल्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ वसूल होणारा आयकर) कापते, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. इकडे तुम्ही अमेरिकेचे करदाते असाल आणि वर्षभरात परदेशातून आलेली भेट एक लाख डॉलरच्या वर गेली तर फॉर्म ३५२० भरा. कर लागत नाही, पण फॉर्म चुकला तर दंड जबरी आहे. पैसे शक्य तितक्या लवकर आणून ठेवा. बोर्डाच्या फायलीत बँकेची स्टेटमेंटं जातात, आणि शेवटच्या महिन्यात आलेली मोठी रक्कम पाहिली की गिफ्ट लेटर, त्याची भाषांतरं, प्रश्नांवर प्रश्न सुरू होतात.

बोर्डाची मुलाखत अवघड असते का?

अवघड आहे ती फाइल. दोन वर्षांची आयकर विवरणं, पगाराच्या पावत्या, खात्यांची स्टेटमेंटं, नोकरीचं पत्र, सध्याच्या घरमालकाचं पत्र, मित्रांची शिफारसपत्रं. आमची एकशे चाळीस पानं झाली. एका ठिकाणी बेरीज सतरा डॉलरने चुकली होती, तेवढ्यावरून फाइल आठवडाभर परत.

मुलाखतीला बोलावलं म्हणजे आकडे पटलेले असतात. पाच शेजारी समोर बसतात, वीस मिनिटं गप्पा होतात. विचारलं तेवढंच सांगा. नवरा-बायकोने एकमेकांना दुरुस्त करू नये. 'आम्ही आल्यावर किचन तोडणार आहोत' हे तर चुकूनही नको. आमच्या वेळी एका बाईंनी विचारलं, वाद्य वाजवता का? बायको म्हणाली, हार्मोनियम, थोडी. समोर शांतता. मग बाई म्हणाल्या, "ॲकॉर्डियनसारखी?" तिने दोन्ही हातांनी भाता हलवून दाखवला, सगळे हसले, आणि तीन दिवसांनी होकार आला.

आईबाबा सहा महिने राहायला आले तर बोर्ड हरकत घेईल?

लीज वाचा. नेहमीच्या नमुन्यातल्या लीजमध्ये शेअरहोल्डरसोबत राहू शकणाऱ्यांत नवरा-बायको, मुलं, आईवडील, आजीआजोबा, भावंडं यांची नावं असतात, त्यामुळे आईवडिलांना 'पाहुण्यांची एक महिन्याची मर्यादा' लागत नाही. पण त्याच परिच्छेदात आणखी एक ओळ पुष्कळदा सापडते: बोर्डाच्या लेखी संमतीशिवाय एकापेक्षा जास्त विवाहित जोडप्यांनी फ्लॅटमध्ये राहू नये. म्हणजे एकटी आई आली तर प्रश्न नाही, आई आणि बाबा दोघं आले तर तांत्रिकदृष्ट्या पत्र लिहायचं! आम्ही लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, शुभेच्छांसह.

थंडीत हीटर पुरतो का?

पुरून उरतो. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीटिंगचा मोसम. दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की आत किमान ६८ ठेवावंच लागतं, रात्री किमान ६२. आमच्याकडे वाफेचे जुने रेडिएटर आहेत, जानेवारीत खिडकी उघडून झोपतो. पहाटे पाचला पाइपात कुणीतरी हातोडा मारतंय असा आवाज येईल. घाबरू नका, पण एक करा: एकाच पाइपाचा रेडिएटर असेल तर त्याची चावी पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट ठेवली की पाणी आत अडकतं आणि ठणठणाट वाढतो. रिनोव्हेशनमध्ये रेडिएटरला सुंदर लाकडी पेटीत कोंडलं असेल तर चावीपर्यंत हात पोहोचतो का ते बघून ठेवा.

लहान मूल आहे. जुन्या इमारतीत काही धोका?

शिशाचा रंग. न्यूयॉर्क शहराने घरांत तो १९६० मध्येच बंद केला, देशात १९७८ मध्ये बंद झाला. त्याआधीच्या इमारतीत वरच्या पांढऱ्या थराखाली तो असू शकतो. सलग भिंतीतून त्रास नाही, घासली जाणारी जागा वाईट: खिडकीच्या चौकटी, दारांच्या कडा. तपासून घ्या, स्वतः घासू नका. दहा वर्षांपर्यंतचं मूल घरात असेल तर खिडक्यांना गज लावणं सक्तीचं आहे, ते इमारतीला सांगा. खिडक्याच बदलायच्या असतील तर ऐतिहासिक जिल्ह्यात आधी लँडमार्क्सची परवानगी. खिडकीत बसवायच्या साध्या एसीला ती लागत नाही.

देवघर, गणपती, चपला?

देवघर छान होतं. आमचं चादरींच्या जुन्या कपाटात आहे, दार लावलं की देव झोपले. समई चालते, पण स्मोक अलार्म कुठे आहे ते आधी बघा. गणपती दीड दिवसाचा, शाडूचा, विसर्जन बादलीत आणि माती खिडकीतल्या तुळशीला.

चपला मात्र आत. दाराबाहेर चपलांचा ढीग, छत्री, रांगोळी, सायकल, काहीही ठेवायला हाउस रूल्स, म्हणजे इमारतीचे नियम, मनाई करतात, कारण पॅसेज ही आग लागल्यावर पळायची वाट आहे. आमच्याकडे हळदीकुंकवाला एकोणीस बायका आल्या तेव्हा फॉयरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आणखी एक: ८० टक्के फरशीवर गालिचा हवा, हा नियम जवळजवळ सगळीकडे आहे. खालच्या आजींनी अजून कधी मोजलं नाही.

पुढे भारतात परतलो तर भाड्याने देता येईल?

फार भरवसा ठेवू नका. बऱ्याच इमारती आधी एक-दोन वर्षं राहायला लावतात, मग पाचातली दोन वर्षं भाड्याने देऊ देतात, वर शुल्क घेतात आणि भाडेकरूलाही बोर्डापुढे उभं करतात. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याने काँडो बघावा.

विकताना काय जातं?

फ्लिप टॅक्स. नाव टॅक्स असलं तरी सरकारचा नाही, इमारतीचा. कुठे किमतीच्या एक-दोन टक्के, कुठे नफ्याचा हिस्सा, कुठे शेअरमागे ठरावीक रक्कम. आपल्याकडे सोसायटीच्या ट्रान्सफर प्रीमियमला २५,००० रुपयांची मर्यादा आहे, इथे मर्यादा लीजमध्ये लिहिलेली असेल तीच. शिवाय विकणाऱ्याकडून शहराचा हस्तांतरण कर, पाच लाख डॉलरपर्यंत १ टक्का आणि त्यावरच्या व्यवहाराला १.४२५ टक्के, आणि राज्याचा ०.४ टक्के.

ऑफर मान्य झाल्यापासून चावी मिळेपर्यंत किती दिवस? आणि सामान कधी आणायचं?

दोन ते तीन महिने धरा. बोर्डाची सभा महिन्यातून एकदाच होत असेल तर तीन. क्लोजिंगला टेबलावर शेअर सर्टिफिकेट येतं, तुम्ही ते हातात धरून फोटो काढेपर्यंत बँकेचा माणूस घेऊन जातो. कर्ज फिटेपर्यंत ते त्यांच्याकडेच.

सामान फक्त कामाच्या दिवशी, नऊ ते पाचात, आणि हलवणाऱ्या कंपनीचा विमा आधी मॅनेजिंग एजंटकडे पोहोचलेला असला तरच. लिफ्ट मोजा. आमची शंभर वर्षांपूर्वीची, दोन माणसं आणि एक पिशवी एवढीच. सोफा जिन्यातून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला, तिथे दीड तास राहिला, आणि शेवटी दुकानात परत गेला. सध्या आम्ही गादीवर बसतो. आईला ते जास्त आवडलंय.